शिट्टी ऐकू येते तोवर

पाऊस गेला. सामानसुमान आवरून, दार ओढून घेऊन गेला. रोडपालीच्या आमच्या गॅलरीतून आता सकाळी डोंगर स्वच्छ दिसतात. धुतलेले कपडे दुपारपर्यंत कडक वाळतात आणि कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या ट्रेलरांची धूळ पुन्हा खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसते. शेजारच्या काकू काल म्हणाल्या, "काय छान उघडलंय, नाही?" मी हो म्हटलं आणि आत आले. लोकांना या दिवसांत फराळाचे वेध लागतात, मला या दिवसांत भीती वाटते. वारा पडला, दोरीवरचे कपडे जागच्या जागी लटकून राहिले, की मी फोन बघायला आत धावते. असं का होतं, हे आजवर मी कुणाला धड सांगितलेलं नाही.

तशी मी मुळातच घाबरट. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणारी. सिनेमात कोण मरणार हे ठाऊक असेल तरच मी तिकीट काढते. एकदा कळलं की मग मी शांतपणे बघू शकते, रडायचं तिथे रडूही शकते. माझा धाकटा भाऊ रूपेश याला भित्रेपणा म्हणत नाही, चीटिंग म्हणतो.

आम्हा दोघांचं बालपण एका जपानी मालिकेत गेलं. कार्टून म्हटलेलं रूपेशला खपत नाही. "ताई, ॲनिमे म्हण!" समुद्री चाच्यांची गोष्ट. एक खिळखिळं जहाज, त्यावरची डोक्यानं जरा कमीच असलेली पण जिवाला जीव देणारी माणसं, आणि कधीच न संपणारा समुद्र. मी शाळेत होते तेव्हा ती मालिका सुरू झाली होती. आता मी क्लासमध्ये मुलांना त्रिकोणमिती शिकवते, केसांना मेंदी लावते, आणि मालिका चालूच आहे. त्यातली माणसं मात्र एका दिवसानंही म्हातारी झालेली नाहीत. याचा मला कधीकधी राग येतो.

आई मिठागरवाल्यांच्या घरातली. तिच्या माहेरची मिठागरं कधीच भरावाखाली गेली, त्यावर इमारती आल्या, आणि आम्ही गाव सोडून या फ्लॅटमध्ये आलो. पण तिची बोली काही फ्लॅटची झाली नाही. आम्ही दोघं टीव्हीला नाक लावून बसलो की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "चोरांचा कसला कवतिक करताव रं? दुसऱ्याचा जहाज लुटतात ना ते?" रूपेश समजावायचा की हे चांगले चाचे आहेत. "चांगला चोर मी अजून बगितला नाय," आई म्हणायची आणि भाकरी थापायला लागायची.

आम्ही मात्र त्या चाच्यांच्या बाजूनं वर्षानुवर्षं ओरडलो. व्यापारी जहाज दिसलं की "चढा रे!" म्हणून टाळ्या पिटल्या. त्यांचं पहिलं जहाज जळालं तेव्हा रूपेश दोन घास कमी जेवला होता. त्या व्यापारी जहाजावरही कुणीतरी असेल, त्याची आई कुठेतरी भाकरी थापत असेल, असं आमच्या मनातही आलं नाही.

मग रूपेश व्यापारी जहाजावर लागला.

मोठं जहाज, आखाताकडून आफ्रिकेच्या बाजूला माल नेणारं. तो साधा खलाशी, पण त्याच्या पाळीला सुकाणूवर उभं राहायचं काम त्याच्याकडे. याचा त्याला केवढा अभिमान. कारण मालिकेतलं आमचं सगळ्यात लाडकं पात्र म्हणजे सुकाणू धरणारा एक म्हातारा. त्याचं जपानी नाव आईच्या तोंडी बसेना, म्हणून तिनं त्याला 'तांडेल' करून टाकलं. आमच्याकडे होडीच्या मुख्य माणसाला तांडेल म्हणतात. हा तांडेल सुकाणू हातात घेतलं की शिट्टी वाजवायचा. शिट्टीनं वारा येतो, अशी त्याची ठाम समजूत. रूपेश सांगायचा की खऱ्या जहाजांवरही जुने लोक शिट्टी वाजवू देत नाहीत, उगाच वादळ ओढवून घेशील म्हणतात. बाईमाणसानं शिट्टी वाजवू नये हे आम्हाला घरातून ठाऊक होतं. खलाशानंही वाजवू नये हे तेव्हा कळलं.

तो बोटीवर गेल्यापासून आमची एक पद्धत पडली होती. नवा भाग रविवारी यायचा. मी दुपारी जेवणं झाल्यावर बघायची आणि बघता बघता तोंडाला येईल ते फोनवर बोलून त्याला पाठवायची. किंचाळणं, शिव्या, "अरे देवा, हे काय केलं यांनी!" असं सगळं. तो जहाजावरच्या मोजक्या नेटमध्ये भाग बघायचा, मग माझं रेकॉर्डिंग ऐकायचा आणि त्याचं पाठवायचा. आधी भाग, मग आवाज, हा नियम. त्यानं मला शपथ घातली होती की शेवट आधी शोधायचा नाही. "तू आधीच सगळं वाचून येतेस आणि मग खोटं खोटं दचकतेस. मला खरी दचकलेली ताई पाहिजे." त्याच्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा पुढचं काही न वाचता बघायला लागले. आम्ही समोरासमोर असताना बोललो नसू इतकं त्या रेकॉर्डिंगमध्ये बोललो.

त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला आई नेहमीसारखी पनवेलच्या खाडीवर गेली. हळद-कुंकू लावलेला नारळ पाण्यात सोडून तिनं मागणं मागितलं, "दर्या, शांत हो. माजा रुप्या तुज्या अंगावर हाय." तिच्या आईनं, आजीनं हेच मागितलं होतं. खवळलेल्या समुद्राची भीती आमच्या रक्तातच आहे म्हणा ना. मग गणपती गेले, नवरात्र गेलं, आणि समुद्र खरोखरच शांत झाला. आई खूश. "मानला त्यानं माजा," ती फोटोतल्या बाबांना सांगायची.

आणि त्याच सुमारास मालिकेत वारा पडला.

तो भाग मला अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर दिसतो. जहाज अशा समुद्रात येतं की जिथे पान हलत नाही. शिडं लोंबतात. पाणी ताटात ओतल्यासारखं सपाट. आणि मग दूरवर काळे ठिपके दिसतात. लहान होड्या, वल्ही मारत येणाऱ्या. आपल्या चाच्यांपेक्षा क्रूर असे दुसरे चाचे. पळायला वारा नाही. तांडेल बाकीच्यांना एका होडीत बसवून धुक्यात पाठवतो आणि स्वतः सुकाणूवर राहतो, म्हणजे शत्रू जहाजामागे लागेल. "मी आहे हे तुम्हाला कळत राहील," तो म्हणतो आणि शिट्टी वाजवायला लागतो. होडी धुक्यात लांब लांब जाते, शिट्टी बारीक बारीक होत जाते, पण ऐकू येत राहते. तिथेच भाग संपला. मी इतकी किंचाळले की खालच्या मजल्यावरून बेल वाजवायला कुणी आलं नाही हेच नवल.

रूपेशचं उत्तर मंगळवारी आलं. मी क्लासवरून येऊन चहा घेत होते, आई समोर बसून वाल सोलत होती. मी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला.

"ताई, काय भाग काढलाय यार! मी मेसमध्ये असला ओरडलो, कुक पळत आला, क्या हुआ भाई म्हणून. आणि हे एकदम करेक्ट दाखवलंय बरं का. आमच्याकडे पण सेम. पावसाळ्यात लाटा असतात तेव्हा खरे चाचे छोट्या बोटी घेऊन येऊच शकत नाहीत. समुद्र शांत झाला की मग येतात. आता इथे पाणी बघशील तर आरसा आहे, आरसा. काटेरी तारा लावल्यात सगळीकडे, पहारे लावलेत. काही दिवस नेट बंद ठेवणार आहेत, कुठे आहोत ते सांगायचं नाही अशी ऑर्डर आहे. टेन्शन घेऊ नको. आईला काही बोलू नको. आणि पुढचा भाग माझ्याआधी बघितलास तरी तोंडातून एक शब्द काढायचा नाही!"

आईच्या हातातला वाल खाली पडला.

मी म्हटलं, "आई, तो चेष्टा करतो गं." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग हळूच म्हणाली, "दर्या शांत झाला म्हंजे ते येतात?"

"नेहमी नाही गं."

"आनि शांत कुनी मागितला? मीच ना?" तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. "माज्या हातानी नारळ सोडला मी, पोरी. माज्या हातानी."

गणितानं मी तिला समजावून सांगितलं असतं की नारळाचा आणि वाऱ्याचा काही संबंध नाही. पण त्या क्षणी माझा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. आमच्या घरातल्या किती बायकांनी हेच मागणं मागितलं असेल, आणि आता तेच उलटून आमच्या अंगावर येत होतं.

मी रूपेशला मेसेज केला, "पोचलं का?" एकच टिक. दुसऱ्या दिवशी, "जेवलास?" एकच टिक. एकीखाली एक अशी त्या करड्या टिकांची ओळ लागली. फळ्यावर साइन-कॉस लिहिताना माझं लक्ष खिशातल्या फोनकडे. त्याच्या कंपनीच्या ऑफिसात फोन केला तर तिथला माणूस सभ्यपणे म्हणाला, "काही बातमी नाही म्हणजे चांगलीच बातमी समजा, मॅडम." मला तसं समजता आलं नाही. माझ्यासारख्या बाईला शेवटचं पान लागतं. आणि इथे पुस्तकच कुणी हातात देत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी आईनं नवा नारळ पिशवीत घातला. "कुठं?" मी विचारलं. "खाडीवर. मागना फिरवून घेते," ती म्हणाली. मी बरोबर गेले. भरतीचं पाणी चढत होतं. काठावर होड्यांच्या रिकाम्या जागा दिसत होत्या, म्हणजे सगळ्या बाहेर गेल्या होत्या. जाळ्याच्या ढिगाशी जनाबाय बसली होती. जनाबाय कोळीण, आमच्या बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येते, आईची जुनी मैत्रीण. आईच्या हातात नारळ बघून तिनं भुवया चढवल्या.

"आता कसला नारळ गो? पुनव कवाच झाली."

आईला खोटं बोलता येत नाही. तिनं सगळं सांगितलं, रूपेशचं, शांत समुद्राचं, येणाऱ्या बोटींचं. "थोरा वारा मागते," ती म्हणाली. "जास्त नाय. थोऱ्या लाटा. त्या मेल्यांच्या बोटी फिरतील एवढ्याच."

जनाबाय उठून उभी राहिली. ती चिडेल असं मला वाटलं, पण तिचा आवाज चढला नाही. "माजा पोर भायेर हाय," ती म्हणाली. "सगल्या कोलीवाड्याची पोरा भायेर हायेत. तुज्या पोराला लाटा पायजेत, माज्या पोराला नको. दर्यानं कुनाचा आयकाचा, सांग ना?"

आई नारळ छातीशी धरून उभी राहिली. पाणी तिच्या पायांपर्यंत आलं, पुन्हा मागे गेलं. इतकं संथ पाणी मी त्या खाडीत पाहिलं नव्हतं. बराच वेळ तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग ती वळली आणि नारळ परत पिशवीत घातला. जनाबायनं तिचा हात धरून तिला रस्त्यापर्यंत आणून सोडलं. रिक्षात आई एवढंच म्हणाली, "तिचाबी बरोबर हाय."

तो नारळ देव्हाऱ्याशेजारी बसून राहिला. वाहिलेला नाही, फोडलेला नाही. येता-जाता मला त्याचीही भीती वाटायला लागली.

रविवार आला. नवा भाग आला. मी फोन पालथा ठेवून दिला. तांडेलाचं काय झालं हे बघायची माझी हिंमत नव्हती. हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं. जपानमधल्या कुणा चित्रकारानं काढलेला म्हातारा आणि खरोखरचा आमचा रूपेश, यांचा काय संबंध? पण भीतीला संबंध लागत नाही, ती कुठलीही दोन टोकं एकत्र बांधते. जेवणं झाल्यावर आई ओले हात पुसत आली आणि माझ्या शेजारी बसली. उभ्या आयुष्यात तिनं ती मालिका बसून बघितली नव्हती.

"लाव," ती म्हणाली.

"आई, नको."

"लाव. तांडेलाचा काय झाला ता बगू दे मना."

खाली इंग्रजीत अक्षरं येत होती, ती मी तिला मराठीत सांगत होते. होडीतली माणसं धुक्यात वल्ही मारतायत. शिट्टी ऐकू येतेय. एकजण म्हणतो, वाजवतोय अजून. दुसरा म्हणतो, बोलू नका, ऐकू द्या. आईनं माझा दंड घट्ट धरला होता. आणि मग शिट्टी थांबली. पडद्यावर कुणी काहीच बोललं नाही, फक्त वल्ही पाण्याबाहेर तशीच राहिली. खाली अक्षरं नव्हती. मी तरी घाईघाईनं म्हटलं, "ते म्हणतायत, तो दमला असेल. थोड्या वेळानं वाजवेल."

"उगीच नको सांगू," आई म्हणाली. "कुनीच काय बोलला नाय. शिटी थांबली ता मना आयकू येते."

तिला वाचता येत नव्हतं, पण शांतता कळत होती. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. त्या दुपारी मी रूपेशला काही रेकॉर्ड करून पाठवलं नाही. किंचाळायला आवाजच नव्हता. शेवटी पडद्यावर पाटी आली की मालिका काही आठवडे विश्रांती घेत आहे. विश्रांती! त्या मालिका करणाऱ्यांना मी मनातल्या मनात जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नंतरचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येत नाही. हवा सुरेख होती, एवढं आठवतं. पळस्प्याच्या पलीकडच्या शेतांतून कापलेल्या भाताचा वास यायचा. आकाशात एक ढग नाही. बायका गच्चीवर गाद्या-गोधड्या उन्हात टाकायच्या. आणि आई रोज उठल्यावर गॅलरीत जाऊन बोट ओलं करून वर धरायची, वारा आहे का बघायला. नसायचाच.

मी क्लासमध्ये होते तेव्हा फोन थरथरला. बघितलं तर टिका निळ्या होत होत्या. वरपासून खालपर्यंत, एकामागून एक, "पोचलं का?", "जेवलास?", "अरे बोल ना" असं सगळं एका दमात. मी खडू हातात घेऊन तशीच जिन्यात आले आणि पायरीवर बसून ढसाढसा रडले. घरी धावत पोचले तर आईच्या कानाला फोन होता आणि ती त्याला ओरडत होती की जेवण वेळेवर घेतोस की नाही. संध्याकाळी तिनं तो नारळ फोडला, वाटून बोंबलांच्या कालवणात घातला, आणि पहिला टोप जनाबायकडे पाठवला. जनाबायचा मुलगाही त्याच आठवड्यात मासळी भरून सुखरूप आला होता.

रूपेश मुदत संपवून घरी आला तेव्हा लोक विचारायचे, काय रे, काही झालं का? तो हसून म्हणायचा, काही नाही. खरं काय ते त्यानं मला एकदाच सांगितलं, पळस्पे फाट्यावर चहा पिताना. एका दुपारी लांबून दोन-तीन लहान बोटी मागे लागल्या होत्या. त्या वेळी सुकाणू त्याच्या हातात होतं. समुद्र आरशासारखा. कॅप्टन सांगेल तसं तो जहाज वळवत होता. बोटी बराच वेळ मागे राहिल्या आणि मग कशा कोण जाणे, कंटाळल्यासारख्या फिरल्या. "मला काय आठवलं सांगू?" तो म्हणाला. "आपला तांडेल. वाटलं, शिट्टी वाजवावी. वारा तरी येईल. खरंच तोंडाचा चंबू केला मी, ताई. पण ओठ इतके सुकले होते की आवाजच येईना. नुसती हवा." असं म्हणून तो हसला आणि त्यानं आणखी एक चहा सांगितला.

तांडेलाचं काय झालं हे आजवर मालिकेनं सांगितलेलं नाही. मध्ये गोष्ट दुसऱ्याच बेटावर गेली, नवी माणसं आली. बघणाऱ्यांत दोन तट आहेत. निम्मे म्हणतात तो गेला, निम्मे म्हणतात येणार. रूपेश दुसऱ्या तटातला. मी शोधायचं सोडून दिलं आहे. शेवटचं पान आधी वाचायची माझी सवयच त्या वर्षी मोडली.

यंदा पावसाच्या सुरुवातीलाच रूपेश पुन्हा बोटीवर गेला. नारळी पौर्णिमेला आईनं खाडीत नारळ सोडला तेव्हा मी मुद्दाम जवळ उभी राहिले. तिनं शांतही मागितलं नाही, लाटाही मागितल्या नाहीत. "तुजा तू बग," ती पाण्याला म्हणाली. "फकस्त परत दे. माजा बी, जनाचा बी." तेवढंच.

आणि आता पाऊस गेलाय. परवापासून टिक एकच आहे. नेट बंद ठेवलं असणार, तसं तो जाताना सांगूनच गेलाय. आज दुपारी मी खोलीतून बाहेर आले तर आई गॅलरीत कठडा धरून, समुद्र आहे त्या दिशेला तोंड करून उभी होती. कपडे दोरीवर गप्प लटकलेले. मला वाटलं, ती पुटपुटतेय. जवळ गेले तर तिनं ओठांचा चंबू केला होता आणि गाल फुगवून फुंकत होती. आवाज नव्हता. नुसती हवा.

मला बघून ती दचकली, लाजली. "लाटा नाय मागत," ती घाईनं म्हणाली. "कुनाची होडी हलनार नाय एवढासाच वारा. त्याच्यापुरता."

बाईमाणसानं शिट्टी वाजवू नये असं तिनंच मला लहानपणी बजावलं होतं, पाठीत धपाटा घालून. मी तिच्या शेजारी कठड्याला टेकले. लहानपणी चोरून शिकले होते, ते अजून येतंय का बघावं म्हणून ओठ ओले केले. पहिल्यांदा आलं नाही. दुसऱ्यांदा आलं, बारीक, कापरं, पण आलं. आईनं माझा दंड धरला.

"थांबू नको," ती म्हणाली.